घरात मांजर आहे, आता लहान कुत्रा आणायचाय. गोव्याच्या हवेत कुठला परवडेल?

कुळागर
मंडळी, सल्ला हवा आहे. फोंड्यात पहिल्या मजल्यावर दोन बेडरूमचा फ्लॅट, लिफ्ट नाही. घरात 5 वर्षांची मांजर, नाव बांगडी. नसबंदीचं ऑपरेशन झालेलं, बाहेर जात नाही. माणसांत सत्तरीची आई, 9 वर्षांची मुलगी आणि आम्ही दोघं. घर दिवसभर रिकामं कधीच नसतं. आता दुसरा प्राणी म्हणून कुत्रा हवा: 8 किलोच्या आत, मायाळू, आणायला दहा हजारांच्या आत आणि नंतर महिना अडीच हजारांत भागणारा. डोक्यात पग, शित्झू आणि पॉमेरेनियन आहेत. नुसतं "दत्तक घ्या" लिहिणाऱ्यांनी पुढचं वाक्यही लिहावं ही विनंती: कुठला, आणि कसा पारखून.

पात्रांव
बांगडीला विचारलंत का? फ्लॅट तिचा आहे, तुम्ही भाडेकरू.

तांबडी_माती
पग यादीतून काढा, लगेच.

कुत्र्याला आपल्यासारखा घाम येत नाही. तो धापा टाकतो, जीभ-नाक-घशावरची ओल उडते आणि तिच्याबरोबर उष्णता जाते. आपल्याकडे मे महिन्यात पारा फार चढत नाही, 33-34 च्या आसपास असतो, पण हवेतच इतकं पाणी असतं की ओल उडत नाही. लांब नाकाचा कुत्रा निभावून नेतो. पगचं नाक आखूड, नाकपुड्या चिरेएवढ्या, आतली टाळू लांब. हवा ओढायलाच जोर लागतो, जोराने घशाला सूज येते, सुजेने वाट आणखी अरुंद होते. हे चक्र दुपारी एकदा सुरू झालं की अर्ध्या तासात प्रकरण हाताबाहेर जातं. कुत्र्याचं नेहमीचं तापमान 101 ते 102.5 फॅरनहाइट. 104 च्या वर दिसलं तर अंगावर नळाचं साधं पाणी, समोर पंखा, आणि त्याच ओल्या अंगाने डॉक्टरकडे. पग स्वस्त म्हणणाऱ्याने एसीचं बिल धरलेलं नसतं.

शित्झूचंही नाक आखूडच, शिवाय दर 6-8 आठवड्यांनी केस कापून घ्यावे लागतात. केस कापायचे पैसे महिन्याच्या हिशेबात घाला, मग बघा.

शेपटी_वर
तांबडी_माती यांना अनुमोदन. पॉमेरेनियनबद्दल एक गैरसमज दूर करतो. आपल्याकडे "पॉम" म्हणून जे विकतात ते बहुतेक इंडियन स्पिट्झ असतं. खरा पॉमेरेनियन मोठा झाल्यावर 2-3 किलोचा, तोंड आखूड, केस गोळ्यासारखे फुललेले, आणि दहा हजारांत मिळणार नाही. स्पिट्झ 5 ते 7 किलो (मोठा प्रकार याहून बराच मोठा होतो, विचारून घ्या), तोंड कोल्ह्यासारखं निमुळतं, बहुधा पांढरा. फसवणूक म्हणून रडू नका, गोव्यासाठी स्पिट्झच बरा. नाक लांब, पाय मजबूत, जिने चढतो, घरच्या माणसांवर जीव टाकतो.

दोष दोन. एक, केसांचे दोन थर. जून ते सप्टेंबर आतला थर ओला राहिला की कातडीला बुरशी, खाज, वास. आंघोळ पंधरा-वीस दिवसांनी पुरे, पण नंतर टॉवेल आणि पंख्याने मुळापर्यंत सुकवायचा. वरून हात फिरवून "सुकला" म्हणायचं नाही, केस बोटांनी फाकवून कातडी बघायची. उन्हाळ्यात भादरायचा तर अजिबात नाही, केस परत येताना ठिगळासारखे येतात. दुसरा दोष म्हणजे भुंकणं.

पोयचो_वांटो
भुंकणं म्हणजे किती, हे लिहा ना नीट. सकाळी पोदेर (सायकलवरचा पाववाला) आला, भोंगा वाजला, स्पिट्झ सुरू. मग मासळीवाली. मग वरच्या मजल्यावरचे. मग परत संध्याकाळचा पोदेर.

शेपटी_वर
@पोयचो_वांटो, उपाय आहे. भोंगा ऐकू आला रे आला की भुंकायच्या आत वाटाण्याएवढा खाऊ तोंडात. रोज दोन वेळा, दोन-तीन आठवडे. मग भोंगा म्हणजे खाऊ असं गणित बसतं आणि तो रस्त्याकडे धावायचा सोडून तुमच्याकडे धावतो. चूक एकच होते: भुंकून झाल्यावर गप्प करायला खाऊ देतात. त्याने भुंकण्याचा पगार सुरू होतो.

पात्रांव
आमच्या सोसायटीच्या सेक्रेटरीवरही हा प्रयोग करावा म्हणतो.

काळवीट
डॅशहंड कुणीच कसा सुचवला नाही? 6-9 किलो, आखूड केस, नाक लांब, गोव्याची हवा मानवते. पोरांशी छान जमतं.

तांबडी_माती
@काळवीट, एरवी मान्य, या घरात नको. डॅशहंडची पैदास बिळातल्या बिज्जूमागे घुसण्यासाठी केलेली. छोटं काही पळालं की मागे धावणं रक्तात असतं, आणि मांजर पळतेच. दुसरं, लांब पाठ. मणक्यांमधली चकती सरकण्याचं प्रमाण या जातीत फार मोठं आहे. पहिला मजला, लिफ्ट नाही, घरात गुळगुळीत फरशी: तिन्ही गोष्टी नेमक्या विरुद्ध. रोज चार वेळा कडेवर घेऊन जिना उतरायचा, एक हात छातीखाली, एक मागच्या पायांखाली. सत्तरीच्या आईला हे जमणार का?

काळवीट
लिफ्ट नाही हे वाचायचं राहिलं. मागे घेतो. मग मिनिएचर पिन्शर?

तांबडी_माती
केस आखूड, वजन 4-6 किलो, नाक लांब, सगळं खरं. पण तोही उंदीर मारणारा. आणि बाल्कनीच्या गजांतलं अंतर मोजा. जिथून डोकं जातं तिथून तो सगळाच जातो. कुठलाही लहान कुत्रा आणणार असाल तर गजांना खालून दोन फूट जाळी आधी मारून घ्या.

निळे_डोळे
सगळे उष्म्यावर बोलताहेत, मांजर बाजूलाच राहिली. पग आणि शित्झूला नाही म्हणायचं आणखी एक कारण म्हणजे डोळे. बाहेर आलेले असतात. मांजराचा पहिला फटका नेहमी नाकाडोळ्यांवर. स्पिट्झ किंवा गावठीचे डोळे खोबणीत आत असतात, ओरखडा नाकावर निभावतो. पगच्या थेट बुबुळावर बसतो.

असं झालंच तर: कुत्रा एक डोळा मिटून घेतो, पाणी गळतं, पंज्याने चोळतो. त्याच दिवशी डॉक्टर. ते डोळ्यात रंगाची पट्टी लावून जखम बघतात, जखम हिरवी चमकते. घरात पडलेले जुने ड्रॉप्स घालायचे नाहीत. त्यांत स्टिरॉइड असेल तर बुबुळावरची जखम खोल जाते. आणि बांगडीची नखं दर दोन आठवड्यांनी नुसती टोकं कापत चला, गुलाबी भाग सोडून.

कौलारू
आता गोचिडांचं बोलू, कारण गोव्यात कुत्र्याचा खर्च तिथे ठरतो. आणि घरात मांजर असेल तर जीवही तिथेच जातो.

मानेवर थेंब टाकायची कुत्र्यांची काही औषधं, काही पावडरी आणि स्प्रे यांत पर्मेथ्रिन असतं. कुत्र्याला चालतं. मांजराच्या यकृताला ते मोडता येत नाही. कुत्र्याला लावलेलं औषध ओलं असताना मांजर त्याला घासली, चाटली किंवा त्याच्या गादीवर झोपली, तरी थरथर, झटके आणि मृत्यू. अमित्राझचं, म्हणजे पाण्यात मिसळून आंघोळ घालायच्या औषधाचं तेच. दुकानदार "गोचिडाचं औषध" एवढंच सांगून देतो. खोका फिरवून घटक वाचा. पर्मेथ्रिन किंवा अमित्राझ दिसलं तर परत ठेवा, मग ते कितीही स्वस्त असो.

मांजराच्या घरात सगळ्यात सोपी म्हणजे कुत्र्याला खायची गोळी. अफॉक्सोलानेर महिन्याला एक, फ्लुरालानेर 12 आठवड्यांना एक. औषध कुत्र्याच्या रक्तात, मांजराच्या अंगाला काही लागत नाही. ज्या कुत्र्याला झटके येण्याचा इतिहास आहे त्याच्यासाठी डॉक्टरला आधी विचारा. गोळी वजनाच्या गटाप्रमाणे मिळते: अफॉक्सोलानेरचे लहान गट 2 ते 4 आणि 4 ते 10 किलो. मोठ्या कुत्र्याची गोळी आणून चार तुकडे करायची काटकसर करू नका, औषध गोळीभर सारखं पसरलेलं असेलच असं नाही. वजनासाठी घरचा काटा पुरतो: कुत्र्याला घेऊन उभे राहा, मग एकटे, वजाबाकी.

आता हे का करायचं. आपल्याकडचा तपकिरी गोचीड घरात राहतो. मादी रक्त पिऊन फुगली की खाली पडते, भिंतीच्या फटीत, दाराच्या चौकटीमागे, पाटीच्या खाली जाते आणि हजारोंनी अंडी घालते. म्हणजे अंगावर चार दिसले तर बाकीचे भिंतीत आहेत. गोळी सुरू केल्यावरही फटी झाडून, व्हॅक्यूम करून, सिमेंटने बुजवाव्या लागतात. जुन्या चिऱ्याच्या घरात हे मोठंच काम, फ्लॅटमध्ये त्या मानाने सोपं. अंगावरचा गोचीड चिमट्याने कातडीला चिकटून धरायचा, सरळ ओढायचा, स्पिरिटच्या बाटलीत टाकायचा. रॉकेल, जळती काडी, चुना काही नको. शोधायच्या जागा: कानाच्या आत, बोटांच्या बेचक्यात, पट्ट्याखाली, शेपटीच्या बुडाशी.

आणि तो गोचीड-ताप, एर्लिकिया. कुत्रा जेवत नाही, गरम लागतो, हिरड्यांवर लाल ठिपके, कधी नाकातून रक्त. रक्ततपासणीत प्लेटलेट घसरलेल्या असतात. उपाय म्हणजे डॉक्सिसायक्लिन हे अँटिबायोटिक 28 दिवस, जेवणासोबत. आठव्या दिवशी कुत्रा उड्या मारायला लागतो आणि लोक गोळ्या बंद करतात. मग तो ताप दोन-तीन महिन्यांनी परत येतो.

सोनचाफा
कौलारू, हा प्रतिसाद वरती चिकटवून ठेवावा अशी संपादकांना विनंती.

कुळागर
घाम फुटला. आमच्या कपाटात पावडरीचा डबा आहे, आधीच्या भाडेकरूने ठेवलेला. आता उघडून वाचलं, पर्मेथ्रिनच निघालं. गेला कचऱ्यात.

पग आणि शित्झू बाद. पण महिन्याच्या खर्चाचं कुणी सांगाल का?

आकडेमोड
सांगतो. किमती दुकानागणिक बदलतात, म्हणून वजनाने.

ऑपरेशन झालेल्या मोठ्या कुत्र्याला दिवसाला लागणाऱ्या कॅलरी: वजनाचा पाऊण घात गुणिले 70, गुणिले 1.6. पाऊण घात म्हणजे कॅल्क्युलेटरवर वजन टाकून वर्गमूळ दोनदा काढा, आलेल्या आकड्याचा घन करा (आकडा × आकडा × आकडा). 7 किलोला साधारण 480 कॅलरी. कोरड्या खाण्यात 100 ग्रॅमला सुमारे 360 कॅलरी असतात, म्हणजे दिवसाला 130 ग्रॅम, महिन्याला 4 किलोच्या आत. फ्लॅटमध्ये लोळणाऱ्याला 1.4 ने गुणा, 115 ग्रॅम पुरतात. 20 किलोच्या कुत्र्याला हेच 290 ग्रॅम, महिन्याला पावणेनऊ किलो. वजन तिप्पट पण खाणं सव्वादोनपट, हा लहान कुत्र्याचा तोटा म्हणा. तरी एकूण बिल लहानाचंच कमी, कारण गोळ्या, जंताचं औषध, भूल, सगळं वजनावर.

किलोला तीनशे धरले तर खाणं बाराशेच्या आत. उरलेल्या तेराशेत महिन्याची गोचीडगोळी आणि तिमाही जंताचं औषध बसतं. वर्षाचे दोन डोस, रेबीज आणि सात-की-नऊ-रोगांची एकत्र लस, यांसाठी महिन्याला दोनशे बाजूला टाका. केस कापायला पैसे उरत नाहीत, म्हणून आखूड किंवा मध्यम केसांचाच घ्या.

पोयचो_वांटो
कोरडं खाणं कशाला? चार बांगडे उकडून भाताबरोबर कालवले की झालं. गोव्यातली सुणीं (कुत्री) वर्षानुवर्षं यावरच आहेत.

आकडेमोड
चालतं, पण काटा काढून. आणि खारवलेला, सुकवलेला मासा नको, 7 किलोच्या जिवाला तेवढं मीठ झेपत नाही. कांदा घातलेलं हुमण (माशाची आमटी) तर नाहीच. रोज मासे-भातच घालणार असाल तर कॅल्शियम कमी पडतं, डॉक्टरला विचारून भर घाला. मे महिन्यात आंब्याच्या कोयी उचला. मोठा कुत्रा कोय चघळून टाकून देतो, लहान कुत्र्याने गिळली तर आतड्यात अडकते आणि ऑपरेशनशिवाय निघत नाही.

निळे_डोळे
आणि एकमेकांची ताटं बदलू देऊ नका. मांजराचं खाणं जास्त प्रथिनांचं, कुत्रा त्यावर तुटून पडतो आणि फुगतो. उलट मांजर कुत्र्याच्या खाण्यावर राहिली तर टॉरिन (मांजराला खाण्यातूनच लागणारं पोषकद्रव्य) कमी पडून हृदय आणि डोळे बिघडतात. बांगडीची वाटी उंचावर ठेवा.

पात्रांव
बांगडीला बांगडा घालायचा की नाही, हा वेगळा धागा काढावा.

भाटकार_नव्हे
मी वाट बघत होतो, "गावठी" कुणी बोलतंय का. गोव्यात रस्त्यारस्त्यावर पिल्लं पडलेली असताना विकत कशाला घ्यायचं? हवामान मानवतं, जातीचे आजार नाहीत.

शेपटी_वर
@भाटकार_नव्हे, सगळं खरं, पण अट 8 किलोची आहे. गावठी सहसा 15-20 किलोपर्यंत जातो. पिल्लू बघून "लहानच राहील" म्हणणारे चार महिन्यांनी पाणउतारा करून घेतात. ठोकताळा असा: गावठी पिल्लू साधारण 4 महिन्यांचं असताना जेवढं, त्याच्या दुपटीच्या आसपास जाऊन थांबतं. 4 महिन्यांचं 7 किलो असेल तर 14 धरून चाला. वय दातांवरून: 4 महिन्यांच्या सुमाराला पुढचे दुधाचे दात पडून पक्के यायला लागतात.

भाटकार_नव्हे
मग पिल्लू घेऊच नका. मोठा घ्या. दीड-दोन वर्षांचा, वाढ पुरी झालेला, स्पिट्झ आणि गावठीचा संकर. गोव्यात असे खूप आहेत, लोक फ्लॅट बदलताना किंवा परत जाताना सोडून देतात. आश्रयस्थानांत विचारा, "8 किलोच्या आत, मांजराबरोबर राहिलेला" एवढं स्पष्ट सांगून. वजन समोर काट्यावर दिसतं, स्वभाव दिसतो, ऑपरेशन आणि लशी बहुधा झालेल्या असतात. कानाच्या टोकाला कात्रीने घेतलेली खाच दिसली तर नसबंदी झालेली, हे ओळखायचं. कुळागरांच्या दहा हजारांतले बहुतेक वाचतील.

तांबडी_माती
हे शंभर टक्के. पिल्लाला मूत्राशय वयाच्या महिन्यांइतके तास, फार तर एक जास्त, एवढंच धरता येतं. तीन महिन्यांच्या पिल्लाला लिफ्टशिवाय पहिल्या मजल्यावरून दर चार तासांनी खाली न्यायचं, रात्रीसुद्धा. मोठ्याला दिवसाला तीन-चार वेळा पुरतं.

आणि विकतच घ्यायचं ठरलं तर: 2017 च्या नियमांनुसार 8 आठवड्यांच्या आतलं पिल्लू विकता येत नाही. आई दाखवा म्हणा. बाहेरगावाहून बसने टोपलीत मागवलेलं पिल्लू घेऊ नका. पार्व्हो या विषाणूच्या आजाराची लक्षणं लागण झाल्यावर 3 ते 7 दिवसांनी दिसतात. म्हणजे विकताना टुणटुणीत, घरी पाचव्या दिवशी रक्ताची हगवण, आणि विक्रेता फोन उचलत नाही.

सोनचाफा
लशींबद्दल एक. गोवा 2021 मध्ये रेबीज नियंत्रित क्षेत्र म्हणून जाहीर झाला, म्हणून काही लोक पाळीव कुत्र्याची लस टाळतात. उलट आहे, लसीकरण चालू राहिलं तरच ती स्थिती टिकते. मांजरीलाही द्या, घरातच राहत असली तरी. लेप्टोची (लेप्टोस्पायरोसिसची) लस पावसाच्या आधी, एप्रिल-मेमध्ये येईल असं वेळापत्रक बसवा. तिचा जोर साधारण वर्षभरच टिकतो, आणि उंदरांच्या मुताचं पाणी जुलैत रस्त्यावर असतं. पणजीत टोंकला आणि मडगावात सोनसड्याला सरकारी पशुवैद्यकीय दवाखाने आहेत, खर्च आटोक्यात ठेवायचा असेल तर तिथे चौकशी करा. लशीचं कार्ड जपून ठेवा, पालिकेत नोंदणीला लागतं.

कुळागर
ठरलं: मोठा, संकर, 8 किलोच्या आत. आता दोन प्रश्न. आश्रयस्थानात पारखायचा कसा? आणि घरी आणल्यावर पहिले दिवस?

भाटकार_नव्हे
पारख: तीन वेळा जा, तीन वेगळ्या वेळी. पट्ट्यावर फिरवायला मागा. पंजे, कान, तोंड हाताळून बघा, झटका देतो की सोडून देतो. वाटीत खात असताना जवळून चाला, ताठ होतो का बघा. मग तिथल्याच एखाद्या धीट मांजरासमोर, पट्टा आखूड धरून, दहा फुटांवरून. बघून नजर वळवली, जमीन हुंगली, तुमच्याकडे पाहिलं तर उत्तम. शेपटी हलवत ओढला, तरी शिकवता येतो. पण अंग गोठलं, तोंड बंद, नजर खिळली, हाक मारून हलत नाही, तर कितीही गोड असला तरी तो या घरासाठी नाही. भुंकणाऱ्यापेक्षा हा गप्प कुत्रा मांजराला जास्त धोक्याचा.

निळे_डोळे
घरी: पहिले 3-4 दिवस भेट नाहीच. कुत्रा एका खोलीत, बाकी घर बांगडीचं. एकाच्या अंगावर फिरवलेला टॉवेल दुसऱ्याच्या जेवणाच्या वाटीखाली. मग बंद दाराच्या दोन बाजूंना दोन वाट्या, रोज थोड्या दाराजवळ. दोघं दाराला लागून शांतपणे खायला लागली की दारात जाळी, मग पट्ट्यावर समोरासमोर, 5 मिनिटं, दिवसात दोनदा. बांगडी फिस्कारली तर थांबा, रागवू नका, तो तिचा हक्क. दोन आठवडे धरा, महिनाही लागतो. चतुर्थी किंवा नरकासुराच्या रात्रीच्या आसपास सुरुवात करू नका, फटाक्यांत दोघांचीही वाट लागते. आणि बांगडीला प्रत्येक खोलीत चढायला उंच जागा हवी, पाच फुटांच्या वर.

आकडेमोड
बांगडीचा शी-शूचा मातीचा ट्रे विसरू नका. कुत्रे मांजराची विष्ठा खातात, आवडीने. मोठ्या कुत्र्याच्या घरात दाराला साखळी लावून चार इंच फट ठेवतात, मांजर जाते, कुत्रा अडतो. तुमचा कुत्रा बांगडीपेक्षा थोडाच मोठा, फटीतून तोही जाईल. म्हणून ट्रे उंचावर, साधारण तीन फूट, आणि रोज दोनदा साफ.

कुळागर
तीन फूट म्हणजे वॉशिंग मशीनवर चालेल?

आकडेमोड
चालेल, पण स्पिन सुरू असताना बांगडी तिथे नको. त्यात एकदा दचकली तर त्या ट्रेवर परत चढणार नाही, आणि मग कुठे जाते ते तुमची गादी सांगेल.